पर्जन्याचे गोत्र

म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयाचे ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी, तंजावराकडील एका पंडिताने आणून दिलेल्या ताडपत्रांमधून, १९०५ च्या सुमारास कौटिलीय अर्थशास्त्र ओळखून काढले आणि १९०९ साली ते छापून विद्वानांच्या हाती दिले. तेव्हापासून मंडलसिद्धान्त, गूढपुरुष, दंड आणि करभार या विषयांवर जी विपुल ग्रंथरचना झाली, तिच्या मानाने त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणातील सीताध्यक्षाचे, म्हणजे सरकारी शेतीवरील अंमलदाराचे, प्रकरण उपेक्षितच राहिले. वस्तुतः त्या प्रकरणाच्या आरंभीच पावसाचे एक कोष्टक आहे, आणि ते वाचताना आपण दोन सहस्र वर्षांपूर्वीचा ग्रंथ वाचत आहोत याचा क्षणभर विसर पडतो. जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशात सोळा द्रोण, अनूप म्हणजे सजल प्रदेशात त्याच्या दीडपट. अश्मकांत साडेतेरा, अवंतीत तेवीस. अपरान्तात आणि हिमालयाकडील मुलखात अमित. हे माप घ्यावयाचे कसे तेही ग्रंथकार अन्यत्र सांगतो: कोठारात एक अरत्नी रुंद तोंडाचे कुंड ठेवावे. अश्मक म्हणजे स्थूलमानाने आपला गोदातीर आणि अपरान्त म्हणजे कोकण, हे ध्यानात घेतले म्हणजे महाराष्ट्रीय वाचकाला या ‘अमित’ शब्दाचे थोडे हसूच येईल. कोकणातला आषाढ मोजता मोजता मौर्यांचा कारकूनही थकला असावा.

या कोष्टकात देशाचे गट पाडलेले आहेत, आणि ते पाडण्याचा हेतूही उघड आहे. कोठे कोणते बी पेरावे आणि उत्पन्नाचा अंदाज कसा बांधावा, एवढाच तो प्रश्न होता. वराहमिहिराने बृहत्संहितेत वेगळी वाट धरली: त्याने पावसाची विभागणी देशांवर न करता नक्षत्रांवर केली, प्रत्येक नक्षत्राला ठरावीक द्रोण वाटून दिले आणि मेघांचा गर्भ एकशे पंचाण्णव दिवसांनी प्रसवतो असा नियम सांगितला. आपल्याकडील शेतकरी आजही मृग, आर्द्रा, पुष्य, मघा, हस्त अशा नावांनीच पाऊस ओळखतो आणि पंचांगातले वाहन बेडूक आहे की गाढव आहे हे पाहून मान हलवतो. म्हैसूरकडचा कन्नड शेतकरीही नक्षत्रांच्याच नावाने पावसाला हाक मारतो. कौटिल्याने स्थलाचे गट केले, वराहमिहिराने कालाचे. दोघांनाही एक गोष्ट गृहीतच वाटली, ती ही की पावसाला गट असतात, आणि शहाण्या माणसाने ते फक्त शोधून काढावयाचे असतात.

या गृहीतावरच मला येथे विचार करावयाचा आहे. पावसाचे गट निसर्गात असतात की आपण ते करतो? प्रश्न हवामानखात्याचा दिसतो, पण मुळात तो आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके घासून घासून लखलखीत केलेला प्रश्न आहे. आणि अलीकडच्या काळात जालविश्लेषण नावाची जी गणिती पद्धती पावसाच्या अभ्यासात रूढ झाली आहे, तिच्यामुळे तो पुन्हा नव्याने उभा राहिला आहे.

प्रथम प्रत्यक्ष स्थिती पाहू. भारतीय हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले. आज ते देशाचे छत्तीस उपविभाग मानते, आणि त्यांपैकी ‘दक्षिण अंतर्गत कर्नाटक’ या उपविभागात म्हैसूर येते. त्याच उपविभागात कोडगू येते आणि चित्रदुर्गही येते. कोडगूतील मडिकेरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, चित्रदुर्गाकडे सहाशेच्या आसपास, आणि म्हैसूर शहरात आठशेच्या आगेमागे. आपल्याकडे याहून विलक्षण प्रकार आहे: एकाच सातारा जिल्ह्यात पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाचे महाबळेश्वर आहे आणि वर्षाला पाचशेच्या घरात घुटमळणारा माण तालुका आहे, आणि दोघेही ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच नावाखाली नांदतात. सरासरी काढणाऱ्याने या दोघांची बेरीज करून दोहोंनी भागावे आणि ‘पाऊस समाधानकारक’ असा शेरा मारावा, तेव्हा माणच्या मेंढपाळाने कोणाकडे पाहावे? अर्थात खात्याला दोष देण्यात अर्थ नाही. हे उपविभाग पुष्कळ अंशी जिल्ह्यांच्या सीमांवरून पडले आहेत, आणि जिल्ह्यांच्या सीमा या महसुलाच्या सोयीने पडल्या. त्या आखताना ढगांची साक्ष कोणी काढली नव्हती.

मग पावसालाच विचारून गट पाडले तर? हा प्रयत्न दक्षिणेत ज्यांनी पहिल्याने कसोशीने केला, त्यांत एक महाराष्ट्रकन्या होती. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य वेचलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी आर. नारायण अय्यंगार यांच्यासह १९८० साली द्वीपकल्पातील पर्जन्यस्थानकांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याचे सूत्र असे: वर्षभरात पाऊस केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो याची प्रत्येक स्थानकाची एक रेषा असते, ज्यांच्या रेषा एकसारख्या, ती स्थानके एका गटातली. पुढे १९९३ साली त्यांनी सहकाऱ्यांसह दुसरे वर्गीकरण मांडले. त्यात वर्षाच्या आतली रेषा बाजूला ठेवून, एका वर्षी येथे पाऊस वाढला तर तेथेही वाढतो का, येथे तुटला तर तेथेही तुटतो का, हे पाहिले होते. वरवर पाहता दोन्ही सारखीच. पण तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले सादृश्यावर उभे आहे, दुसरे साहचर्यावर. दोन गावांच्या पावसाची वार्षिक रेषा हुबेहूब जुळावी आणि तरीही एकाचा सुकाळ तो दुसऱ्याचा दुष्काळ असावा, हे सर्वथा संभवनीय आहे. आणि एकाला दुसऱ्याच्या दसपट पाऊस पडत असूनही दोघांचे सुखदुःख एकाच वर्षी यावे, हेही संभवनीय आहे. नैयायिकांनी सादृश्याला उपमानाचा आधार मानले आणि साहचर्याला व्याप्तीचा. ही दोन ज्ञाने त्यांनी कधी एका खात्यात जमा केली नाहीत. आपण मात्र व्यवहारात ती सर्रास करतो.

जालविश्लेषण हे साहचर्याच्या बाजूचे शास्त्र आहे. त्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. तालुक्याच्या कचेरीच्या आवारात, झाडांपासून दूर मोकळ्या जागी, एक पर्जन्यमापक पुरलेला असतो. रोज सकाळी साडेआठ वाजता कारकून जाळीचे फाटक उघडतो, आतली बाटली काढतो, तिच्यातले पाणी खुणांच्या काचनळीत ओततो, नळी डोळ्यांच्या पातळीवर धरून पाण्याच्या वक्र पृष्ठाचा खालचा काठ वाचतो आणि आकडा वहीत टिपतो. अडीच मिलिमीटर किंवा अधिक भरले तर तो पावसाचा दिवस, कमी भरले तर नाही. या वह्यांमधून प्रत्येक ठिकाणच्या मुसळधार पावसाच्या तारखा वेचून काढल्या जातात. मग दोन ठिकाणे घ्यावयाची, समजा मडिकेरी आणि म्हैसूर, आणि एकाच्या तारखेच्या आगेमागे एकदोन दिवसांत दुसऱ्याची तारीख किती वेळा येते ते मोजावयाचे. येथवर काम सोपे आहे. अवघड प्रश्न पुढचा: हे जुळणे खरे की काकतालीय? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे तर नव्हे? त्यासाठी गणिती मोठी गमतीची युक्ती करतो. तो एका ठिकाणच्या तारखा पत्त्यांसारख्या पिसून टाकतो आणि पुन्हा जुळणी मोजतो. असे हजारो वेळा करतो. पिसलेल्या तारखांतही तितकीच जुळणी वारंवार निघाली, तर तो संबंध काकतालीय म्हणून निकालात निघतो. न निघाली, तरच त्या दोन ठिकाणांमध्ये नकाशावर एक रेघ ओढली जाते. आपल्या पूर्वजांनी काकतालीय न्यायाला नाव दिले आणि त्याची व्याख्याही केली, पण त्याची इतकी निर्दय परीक्षा घेण्याचे त्यांना सुचले नाही, हे मान्य केले पाहिजे.

अशा शेकडो ठिकाणांच्या हजारो रेघा ओढल्या म्हणजे जाळे तयार होते. हवामानाच्या दूरवरच्या गाठी शोधण्याची हौस नवी नाही. १९०४ ते १९२४ या काळात हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर याच उद्योगात आयुष्यभर मग्न होते. परंतु वॉकरसाहेब दोन दोन ठिकाणे घेऊन चालत, आणि जाळ्यात सगळी ठिकाणे एकदम बोलू लागतात. पॉट्सडॅमच्या संशोधकांनी २०१२ साली दक्षिण आशियातील अतिवृष्टीचे असे जाळे विणून दाखविले. २०१९ साली त्याच परंपरेतील दुसऱ्या एका निबंधाने भारताकडील अतिवृष्टी आणि युरोपातील अतिवृष्टी यांच्यामध्येही, वातावरणाच्या वरच्या थरातील प्रचंड लाटांच्या द्वारे, सांधा असल्याचे दाखविले. गंगेच्या पाणलोटाचा डॅन्यूबशी सोयरसंबंध निघावा, याचे आपल्याकडील अद्वैत्याला आश्चर्य वाटणार नाही. पण तेवढ्यावर त्याने टाळ्या पिटू नयेत, कारण या सांध्याची मिती, दिशा आणि विलंब सांगता येतो, आणि ‘सर्व एकच आहे’ या वचनात या तिन्हींपैकी काहीच नसते.

आता गट. जाळ्यातून गट काढण्याचा जो प्रचलित मार्ग आहे, तो न्यूमन आणि गर्वान यांनी २००४ साली रूढ केला. ज्या ठिकाणांच्या आपसांत रेघा दाट आणि बाहेर विरळ, त्यांचा एक समुदाय. आणि ही दाटी नुसत्या दैवयोगाने होईल त्यापेक्षा किती अधिक आहे याला एक अंक. तो अंक ज्या विभागणीत सर्वांत मोठा, ती उत्तम. ऐकायला हे निःसंदिग्ध वाटते. प्रत्यक्षात असे आढळले की त्या अंकाच्या शिखराशी जवळजवळ सारख्याच उंचीच्या पुष्कळ विभागण्या दाटीने बसलेल्या असतात, आणि गणकयंत्राने ठिकाणे कोणत्या क्रमाने हाती घेतली यावरही उत्तर बदलते. शिवाय या मापाला लहान समुदाय दिसतच नाहीत; ते मोठ्या समुदायांत विरघळून जातात. सारांश, रेघा पुष्कळ अंशी पक्क्या, पण त्यांवरून पाडलेले गट डळमळीत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील खरी तात्त्विक बातमी हीच आहे, आणि शास्त्रज्ञ ती निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात, थोड्या संकोचाने, नमूद करून मोकळे होतात.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात ज्यांनी एक पिढी घडवली, ते प्रा. हिरियण्णा या ठिकाणी आपल्याला वैशेषिकांकडे घेऊन गेले असते. वैशेषिकांच्या मते अनेक गाईंमध्ये जे गोत्व असते ते कल्पित नव्हे. ते नित्य आहे, एक आहे आणि अनेकांत समवेत आहे. परंतु म्हणून जो जो वर्ग आपण बोलतो तो तो ‘जाति’ होतो असे नाही. उदयनाचार्यांनी सहा जातिबाधके सांगितली, आणि त्यांतले एक ‘संकर’ हे आहे. भूतत्व आणि मूर्तत्व यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: आकाश भूत आहे पण मूर्त नाही, मन मूर्त आहे पण भूत नाही, आणि पृथ्वीत दोन्ही धर्म एकत्र आहेत. जे दोन धर्म एकमेकांस सोडूनही राहतात आणि एकत्रही राहतात, त्यांना जाति म्हणता येत नाही. हे सूत्र घेऊन पावसाकडे या. मंगळुरास नैर्ऋत्य मोसमी पाऊस, ईशान्य मोसमी पावसाचा वाटा किरकोळ. नागपट्टणास बव्हंशी ईशान्य, नैर्ऋत्य नाममात्र. आणि म्हैसूर? मे महिन्यात दुपार कलली की चामुंडीच्या टेकडीमागून काळे ढग चढतात, तासाभरात गटारे तुडुंब वाहू लागतात आणि संध्याकाळी पुन्हा आकाश स्वच्छ. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा आपली बहुतेक संपत्ती कोडगूच्या डोंगरांवर उधळून येथवर येतो, त्यामुळे भुरभूर. मग ऑक्टोबरात, नैर्ऋत्य वारा परतत असता आणि ईशान्य वारा येत असता, पुन्हा दमदार पाऊस. वर्षाला दोन शिखरे, आणि त्यांतले एकही श्रावणात नाही. म्हणजे म्हैसूर हे संकराचे मूर्तिमंत उदाहरण, आणि उदयनाचार्यांच्या न्यायाने ‘नैर्ऋत्य गट’ आणि ‘ईशान्य गट’ या जाति नव्हेत, उपाधि म्हणजे आपण लावलेल्या खुणा आहेत. शास्त्रीय काटेकोरपणा येथे मी थोडा सैल केला आहे, याची तज्ज्ञ नैयायिकांनी क्षमा करावी. गणितज्ञांनाही ही अडचण जाणवली. २००५ साली हंगेरियन संशोधकांनी एकच ठिकाण एकाहून अधिक समुदायांत राहू शकेल अशी पद्धती काढली. पण खाती आणि कचेऱ्या यांना असे दोन घरचे पाहुणे मानवत नाहीत, म्हणून म्हैसूरला कोणत्या तरी एकाच रकान्यात कोंबले जाते.

बौद्ध धर्मकीर्ती तर याहून पुढे जातो. सामान्य नावाचा पदार्थच नको, असे त्याचे म्हणणे. गुळवेल आणि तिच्यासारख्या इतर औषधी, एकमेकींहून सर्वस्वी भिन्न असूनही, ताप उतरवतात. त्यांच्यात ‘ज्वरघ्नत्व’ नावाची कोणतीही एक वस्तू भरून राहिलेली नसते. समान कार्य हवे म्हणून आपण त्यांना एकत्र बांधतो. हे वाचताना मला जाळ्यातले समुदाय आठवतात. तरीही धर्मकीर्तीच्या अनुयायांची एक गोष्ट मला पटत नाही. गट आपण बांधला म्हणून तो मनोराज्य ठरत नाही. ताप खरोखरच उतरतो. कोडगूतील मडिकेरी आणि भागमंडल खरोखरच एकदम भिजतात. पिसलेल्या तारखांनी ते खोटे पाडता येत नाही. संबंध निसर्गाचा आहे, त्याभोवतीचे कुंपण आपले आहे, एवढेच म्हणणे मला प्रामाणिक वाटते. कुंपण कोठे घालावयाचे हे प्रश्नावर अवलंबून राहते: पेरणीचा प्रश्न असेल तर एक, धरणाचा असेल तर दुसरे, पुराचा असेल तर तिसरे.

आता या विचाराची श्रद्धेशी गाठ घालू. वेदांत पावसासाठी कारीरी नावाची इष्टी सांगितली आहे. तीत करीराच्या फळांची आहुती देतात आणि यजमान काळे वस्त्र नेसतो. काळे वस्त्र कशाला, हे सांगावयास नको. ढग काळा म्हणून. म्हणजे ही इष्टी सादृश्यावर रचलेली आहे. आणि मीमांसकांच्या बाजूने एक गोष्ट मोकळ्या मनाने सांगितली पाहिजे: त्यांनी कारीरीचे फळ परलोकी ढकलले नाही, ते याच जन्मी, याच हंगामी मिळावे असे मानले. फळ न मिळाले तर काय, हा आक्षेप न्यायसूत्रांत आला आहे, आणि गौतमाचे उत्तर असे की कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही वैगुण्य राहिले असेल. उत्तर चतुर आहे. पण त्यात एक तोटा आहे. जे विधान कोणत्याही अनुभवाने खोटे पडू शकत नाही, त्याच्या तारखा पिसता येत नाहीत. २०१९ च्या उन्हाळ्याअखेर कर्नाटकाच्या मुजराई म्हणजे देवस्थान खात्याने आपल्या अखत्यारीतील मंदिरांमध्ये पर्जन्यहोम करण्याचा हुकूम काढला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात कोडगूपासून बेळगावपर्यंत महापूर आले. आपली सांगली आणि कोल्हापूरही त्यात बुडाली. होमाला पावसाचे श्रेय द्यावयाचे तर महापुराची जबाबदारीही त्याच्याच खाती मांडावी लागेल. मी दोन्ही मांडत नाही. एका वर्षाच्या पुराव्यावर नकाशावर रेघ ओढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण म्हणून सगळा धर्माचार अडाणी ठरत नाही. म्हैसूरजवळ, जुन्या कन्नंबाडीपाशी, कावेरीवर कृष्णराजसागर आहे. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेल्या विश्वेश्वरय्यांच्या आराखड्याने त्याचे काम १९११ साली सुरू झाले. त्याची पूर्ण पातळी १२४.८० फूट, ती गाठली की राज्याचे मुख्यमंत्री तेथे जाऊन नदीला बागिन देतात. सुपात हळद, कुंकू, बांगड्या, धान्य घालून नदीला अर्पण करावयाचे. आपल्याकडच्या वाणाचाच तो प्रकार. आता पाहा: धरण भरले ते कोडगूच्या पावसाने, आणि वाण देणारे हात आहेत ते मंड्या आणि म्हैसूरच्या मुलखातले, जेथे त्या दिवशी कदाचित ऊन पडलेले असते. एका गटातला माणूस दुसऱ्या गटातल्या पावसाचे ऋण मानतो. कारीरीत माणूस ढगाला आपल्याकडे ओढू पाहतो. बागिनात तो संबंध ओळखतो आणि नमस्कार करतो. दुसरे कृत्य मला अधिक धार्मिक वाटते, आणि, गंमत म्हणजे, अधिक शास्त्रशुद्धही.

कायद्याला मात्र कुंपणावाचून गत्यंतर नसते. कावेरीच्या पाण्याबाबत १८९२ आणि १९२४ साली म्हैसूर संस्थान आणि मद्रास इलाखा यांच्यात करार झाले. १९९० साली लवाद नेमला गेला, २००७ साली त्याने निवाडा दिला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकास २८४.७५ आणि तामिळनाडूस ४०४.२५ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. हे आकडे राज्यांचे आहेत, पावसाचे नव्हेत. ज्या वर्षी नैर्ऋत्य पाऊस चुकतो, त्या वर्षी कावेरीच्या मुखाकडचा शेतकरी ईशान्य पावसावर तरून जाण्याची आशा धरू शकतो. मंड्याच्या ऊसवाल्याला तेवढा दुसरा आधार नाही, आणि म्हैसूरचा माणूस दोन्हींकडे अर्धवट डोळे लावून बसतो. वाटणीच्या तक्त्यात या फरकाला पुरेशी जागा मिळालेली मला दिसत नाही.

म्हणून हवामानखात्याला, विद्यापीठांतील जालविश्लेषकांना आणि पाणीवाटपाचे तक्ते करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी एक साधी विनंती आहे. पावसाच्या गटांचा कोणताही नकाशा छापताना त्याच्या कोपऱ्यात तीन रकाने असावेत: हे गट कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाडले, कोणत्या महिन्यांचा आणि किती वर्षांचा पाऊस धरला, आणि कोणकोणती ठिकाणे एकाहून अधिक गटांत बसत असताना एकातच घातली. तिसऱ्या रकान्यात म्हैसूरचे नाव घालण्यास विसरू नये.